दाताला बांधलेलं सूत

मागच्या महिन्यात शेजारची चौदा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली आणि तासभर तोंडावर हात ठेवून बसली. दातांना तारा लावून दोन दिवस झाले होते. जेवली नव्हती, शाळेत गेली नव्हती आणि आईशी भांडून आली होती. मी तिला म्हटलं, माझ्याही दातांना तारा होत्या. तिला ते खरं वाटेना. शिरगावच्या कोळ्याच्या घरात, दिवे नव्हते त्या काळात, तारा कुठून येणार, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तिचं बरोबरच होतं. आमच्या गावालाही ते खरं वाटलं नव्हतं.

तिला सांगितलं तेच इथे लिहिते आहे. तारा लावलेल्या मुलामुलींनी वाचावं, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईबापांनी. दातांचं शास्त्र मला कळत नाही. माझ्या तोंडात काय झालं एवढंच मला ठाऊक आहे.

पुढचे दात

साठच्या दशकातली गोष्ट. मी तेरा वर्षांची होते. माझे वरचे चार दात इतके पुढे होते की ओठ मिटायचेच नाहीत. मुद्दाम मिटले तर हनुवटीला सुरकुत्या पडायच्या. तोंड सारखं कोरडं, ओठ सारखे फुटलेले. गावात वनिता नावाच्या दोन पोरी होत्या. दुसरीला धाकटी वनिता म्हणायचे आणि मला दाताळी वनिता. मी हाकेला ओ द्यायचे. नाही दिली तर आणखी मोठ्यानं हाक यायची.

एकदा गावातल्या किल्ल्याच्या पायऱ्यांवरून पडले आणि दातांवरच आपटले. डावीकडच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. दात राहिला, पण त्या दिवसापासून तो माझ्या मनात वेगळा झाला. जीभ सारखी तिथेच जायची.

आईचा भाऊ, माझा मामा, तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर कामाला होता आणि बोईसरला राहायचा. त्याच्या साहेबाच्या मुलीच्या दातांना तारा होत्या. मामानं ते पाहिलं होतं, आणि मुंबईच्या सरकारी दातांच्या इस्पितळात हे काम करतात अशी खबरही काढली होती. आमच्या ओट्यावर बसून तो आईला म्हणाला, "ताई, दात मागं जातात. मी डोल्यानं बघितलं हाय. साब खुद बोला मुझे." कामावरच्या माणसांत राहून त्याला मध्येच हिंदी बोलायची सवय लागली होती.

आई म्हणाली, "पोरीच्या तोंडात लोखंड घालू? उद्या लगीन जमायचं तर लोक काय बोलतील?"

बा जाळं विणत बसला होता. तो सहसा अशा बोलण्यात पडत नसे. हात न थांबवता म्हणाला, "दातामुलं जमत नाय असं तूच बोलतेस. मग घालून बघू."

एवढ्यावर ठरलं.

इस्पितळ

शिरगावहून एसटीनं पालघर, तिथून गाडीनं मुंबई. इस्पितळात लाकडी बाकं, हातात नंबराची चिठ्ठी आणि सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास. बाकावर बसलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी शिकले.

आमच्या वाट्याला एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. बारीक, उंच, हळू बोलणाऱ्या. त्यांनी माझे दात आरशात मला दाखवले. घरी आमच्याकडे हाताच्या तळव्याएवढा आरसा होता, त्यामुळे स्वतःचं तोंड इतकं मोठं मी पहिल्यांदाच पाहत होते. मला रडू आलं. बाई म्हणाल्या, "रडून घे. काम सुरू झालं की तोंड हलवायचं नाही."

मग त्यांनी बाला समजावलं. जागा करायला वरच्या दोन दाढा काढाव्या लागतील. प्रत्येक दाताला स्टीलची पट्टी बसेल, पट्ट्यांतून एक तार जाईल, आणि दर महिन्याला ती आवळायला यावं लागेल. दीडदोन वर्षं. त्या डाव्या दातावर त्यांनी बोट ठेवलं. "हा एकदा हललेला आहे. याला जपा. हा गेला तर समोरची जागा कायमची उघडी राहील, आणि या सगळ्या खटाटोपाचा उपयोग नाही."

बा म्हणाला, "जपू."

पहिले दिवस

आजकाल तारा बसवायला तासभर पुरतो. माझ्या वेळी आधी दातांच्या फटींत पितळेची बारीक तार पिळून ठेवली, पट्टीला जागा व्हावी म्हणून. आठवडा तसाच काढला. मग एकेक पट्टी मापानं बसवली. बाई लाकडाची काडी दातांत द्यायच्या आणि म्हणायच्या, चाव. मी चावायचे आणि पट्टी कट्ट करून खाली सरकायची. दुखतं का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला ते आवडलं, कारण उत्तर द्यायची गरज पडली नाही.

घरी आले तेव्हा अर्धी वाडी अंगणात उभी होती. तार म्हटलं की आमच्याकडे एकच अर्थ. तारापूरला विजेचं काम चाललं होतं आणि गावात अजून खांबही आले नव्हते. कुणी विचारलं, "वनिते, तारापूरची वीज आदी तुज्या तोंडात आली काय?" एका म्हातारीनं मला बजावून सांगितलं की ढग गडगडले की तोंड मिटून घरात बसायचं. मी पुढे पूर्ण पावसाळा ते पाळलं. हसू नका, तेव्हा खरंच भीती वाटायची.

आता खरं सांगते. पहिले चार दिवस दात ठणकतात. दुखतं त्यापेक्षा जास्त, ते आपले नाहीत असं वाटतं. पाचव्या दिवशी ठणका उतरतो आणि गालाला आतून फोड येतात. मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ भरली की बरं वाटतं. बाईंनी मेणाची एक गोळी दिली होती, टोचणाऱ्या जागी लावायला. आठव्या दिवशी मी हसले आणि लक्षात आलं की मी तारा विसरून हसले होते. तेव्हापासून सोपं गेलं.

खाणं आणि धुणं

भाकरी चावता येईना. आई कालवणात कुस्करून द्यायची, आणि कुस्करताना पुटपुटायची. सुके बोंबील भाजून खायची मला जन्माची आवड, ते बंद. पण ओल्या बोंबलासारखं मऊ काही नाही. तोंडात घातला की विरघळतो, तारांना कळतही नाही. आई माझ्यासाठी रोज दोन बोंबील वेगळे काढून ठेवायची. तोंडानं बोलत राहायची की हे सगळे थेर आहेत, आणि हातानं बोंबील वेगळे काढायची. माझ्या आईचं सगळं असंच होतं.

ब्रश आमच्या घरात नव्हता. आई मशेरी लावायची, बा राखुंडी. बाईंनी मला ब्रश दिला आणि राखुंडी लावायला बंदी केली, कारण ती पट्ट्यांखाली जाऊन बसते. मी पडवीत बसून अर्धा अर्धा तास दात घासायचे. वाडीतली लहान पोरं बघायला जमायची. महिनाभरानं त्यांचा उत्साह संपला.

तारखा

इस्पितळाची तारीख इंग्रजी कॅलेंडरवर असायची. बाचं सगळं आयुष्य भरतीवर चालायचं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाण्याला जोर आणि प्रवाहात ताणून लावलेल्या डोलीच्या जाळ्यात मासळी. मधल्या अष्टमीला भांग, तेव्हा पाणी मंद आणि होड्या रिकाम्या. बाई तारीख सांगायच्या आणि बा बोटांवर तिथी मोजायचा. बरेचदा तारीख नेमकी उधाणाची यायची. सगळ्या होड्या पाण्यात जायच्या त्या पहाटे तो धुतलेला सदरा घालून माझ्याबरोबर एसटीच्या थांब्यावर उभा राहायचा.

एकदा मी म्हटलं, "मामाबरोबर जाते की."

"बाईंला मी जपू बोललो हाय," तो म्हणाला.

नायलॉन

तारांना आठ महिने झाले होते. ओठ जवळजवळ मिटायला लागले होते. पावसाळ्यात होड्या वर काढलेल्या असतात आणि सगळं गाव जाळी दुरुस्त करतं. मीही बाजवळ बसून करायचे. आमच्यात जाळ्याला बसलेलं माणूस दोरा दातानं तोडतं. सुरी कोण हुडकत बसणार? वळून न बघता दोरा दाताशी नेला आणि कट्ट केला, की पुढची गाठ. तारा लावल्यापासून मी ते सोडलं होतं. म्हणजे सोडलं असं मला वाटत होतं.

त्या वर्षी बानं पहिल्यांदा थोडा नायलॉनचा दोरा आणला होता. एक दिवस बोलता बोलता माझा हात आपोआप तोंडाशी गेला. सुती दोरा असता तर तुटला असता. नायलॉन तुटलं नाही. मी हिसका दिला, आणि डाव्या दाताची पट्टी सुटून माझ्या मांडीवर पडली. तिथली तार वाकून पुढे आली आणि ओठात घुसली.

रक्त आलं म्हणून मी रडत नव्हते. त्याच दाताची पट्टी होती म्हणून रडत होते.

गाठ

तारखेला आठ दिवस होते. आठ दिवसांत पाऊस असा लागला की एसटी बंद आणि पुढे रुळांवर पाणी. तारीख गेली. पोस्टकार्ड टाकून पुढची मागवली, ती महिन्यानंतरची मिळाली. तोवर तार ओठाला टोचत होती, मेण टिकत नव्हतं, आणि पुढे आलेली तार त्या दातावर आपटत होती.

बाच्या गाठी आमच्या किनाऱ्यावर नावाजलेल्या होत्या. डहाणूकडचे लोकही जाळ्याचा फाटका भाग त्याच्याकडे आणायचे. त्यानं मला ओट्यावर उजेडात बसवलं, तोंड उघडायला सांगितलं आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बांदून देतू. तुज्या तारखेपरेन टिकल."

आई म्हणाली, "नायलॉननं बांद. ते मजबूत."

"नायलॉनची गाठ सुटते. सुताची पान्यात आवलते."

त्यानं कोरा सुती दोरा घेतला, उकळत्या पाण्यातून काढला. उघड्या दाताभोवती फास टाकला, दोन्ही टोकं तारेला बांधली आणि गाठ ओली करून बोटानं बसवली. त्याची बोटं जाड, भेगाळलेली. पण माझ्या ओठाला त्यांचा स्पर्शसुद्धा झाला नाही. टोचणं तिथल्या तिथे थांबलं. मी आरशात बघितलं. मोत्याएवढी नीटस गाठ होती. वाडीतली माणसं पुन्हा एकदा माझं तोंड बघायला आली, आणि या वेळी मला तोंड दाखवायला अभिमान वाटला.

दहाबारा दिवसांनी दात हलायला लागला.

आधी जिभेलाच कळत होतं. मग हिरडी सुजली आणि दोऱ्यावर आली. दोरा दिसेनासा झाला, बाहेर फक्त गाठ. गाठ जशीच्या तशी होती. बा दर दोन दिवसांनी बघायचा, गाठ शाबूत दिसली की मान हलवायचा. मी त्याला सांगितलं नाही. नायलॉन मी चावलं होतं, पहिला गुन्हा माझा. आणि त्याला केवढं बरं वाटत होतं ते मी बघत होते. पुढचे दोन आठवडे मी मऊ भातसुद्धा उजवीकडच्या दाढांनी खाल्ला आणि कुणाला कळू दिलं नाही.

तारा लावलेल्या प्रत्येक मुलीला मी हे एकच पुन्हा पुन्हा सांगते. दात हलला, हिरडी सुजली, काही तुटलं, तर त्याच दिवशी सांग. कुणाला वाईट वाटेल याचा विचार करू नकोस.

"कुणी बांधलं?"

बाईंनी माझा ओठ वर केला आणि त्यांचा हात थांबला. चिमट्यानं हिरडी बाजूला केली. पू आला. दात त्यांच्या बोटाबरोबर पुढेमागे झाला.

"हे कुणी बांधलं?"

"मी," मी म्हटलं.

बा माझ्या मागे उभा होता. "मी बांदलं, बाई. ती खोटं बोलते."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "गाठ फार चांगली आहे. म्हणूनच असं झालं." मग त्यांनी कागदावर दात काढून दाखवला. दात मुळाकडे निमुळता होत जातो. ओला दोरा आवळत गेला, वर सरकत गेला, हिरडीच्या आत शिरला आणि हाडापासून दात सोडवत राहिला. सैल गाठ असती तर दोन दिवसांत पडून गेली असती.

त्यांनी बारीक कात्रीनं दोरा कापला. हिरडीतून ओढून काढला तेव्हा तो काळा पडला होता. मग दोन्ही बाजूंच्या दातांना स्टीलच्या मऊ तारेनं तो दात बांधून ठेवला.

"राहील?" बानं विचारलं.

"सांगता येत नाही. तीन महिने बाकी सगळं काम बंद. त्यानं चावायचं नाही, जिभेनं हलवायचा नाही. हिरडीनं पुन्हा धरला तर राहील. नाही धरला तर काढावा लागेल."

परत येताना गाडीत बा खिडकीबाहेर बघत होता. स्वतःचे दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

तीन महिने

तिसऱ्या दिवशी आईला तोंड फुटलं. "जाल्याचं हात पोरीच्या तोंडात घातलंस," ती बाला म्हणाली. "बाई बोलल्या व्हत्या जपा. असं जपतात?" तो उठून होडीकडे जायचा. ती मग मला बोलायची, मग मामाला, मग चुलीला. तिची भीती अशीच बाहेर पडायची. पण त्याचं असं उठून जाणं मला बघवत नसे.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. बाहेरगावची माणसं जाळी घेऊन आली तर बा म्हणायचा, दुसऱ्याकडं न्या. स्वतःच्या जाळ्यावर बसला तरी गाठ मारून झाल्यावर थांबायचा, ओढून बघायचा, पुन्हा बघायचा. माझ्या तोंडाकडे तो बघेना. मी समोर आले की त्याची नजर माझ्या पायांवर जायची. दात गेला तर काय, याची मला भीती होतीच. पण तो गेला तर बा जन्मभर माझ्या चेहऱ्याकडे बघणार नाही, ही भीती त्याहून मोठी होती.

एक दिवस आम्ही दोघं किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घालत होतो. मी धीर केला.

"बा, दात आदीच हलत व्हता. मी सांगतलं नाय तुला."

त्यानं हातातला बोंबील नीट लावला. दुसरा उचलला.

"मी ईचारलं नाय," तो म्हणाला. "गाठ बघत व्हतो. दात बघितला नाय."

त्या दिवसापासून घरी आला की विचारायचा, "ठनकतं काय?" मी म्हणायचे नाही, आणि ते खरं असायचं. ठणका खरंच गेला होता. हलतो का ते मात्र आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण हात लावायची बंदी होती. जिभेला रोखून ठेवणं किती कठीण असतं ते ज्यानं केलं त्यालाच कळेल.

तपासणी

तीन महिन्यांनी बाईंनी मला खुर्चीत बसवलं. उधाणाचाच दिवस होता. त्यांनी दात धरून ठेवणारी मऊ तार सोडवली, एक एक वेटोळं, फार सावकाश. मी डोळे मिटले. त्यांचं बोट दातावर आलं. पुढून दाबलं, मागून दाबलं, चिमट्याच्या मुठीनं हळूच टकटक केली.

"वनिता, डोळे उघड," त्या म्हणाल्या. मग दाराकडे वळून म्हणाल्या, "तिचे वडील कुठे आहेत? आत बोलवा."

बा आत आला आणि दारातच उभा राहिला. बाई म्हणाल्या, "इकडे या. बोट लावून बघा."

"नाय, बाई. मी नाय हात लावनार."

"मी सांगतेय ना. लावा."

कोपऱ्यात नळ होता. बानं हात धुतले, सदऱ्याला पुसले, मग काय वाटलं कोण जाणे, परत धुतले. माझ्या समोर आला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. बोट पुढे केलं. दाताला टेकलं तेव्हा इतकं हलकं की मला फक्त ओलावा जाणवला.

"दाबा," बाई म्हणाल्या.

त्यानं दाबलं. आणखी दाबलं. दात जागेवरच राहिला.

"हलत नाय," तो म्हणाला. बाईंना नाही, मला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं आणि पुसायला त्याला सुचत नव्हतं. त्यानं बोट मागे घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू विचारलं, "आनखी एक डाव बघू काय गं?"

मी तोंड उघडलं.